लीबिख, यूस्टुस फोन

लीबिख, यूस्टुस फोन : (१२ मे १८०३ – १८ एप्रिल १८७३). जर्मन रसायनशास्त्रज्ञ. कार्बनी संयुगांच्या विश्लेषणाची खात्रीची पद्धत, विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष प्रयोगांतून शिक्षण देणारी प्रयोगशाळा आणि वनस्पतींच्या पोषणाचा खनिज सिद्धांत ही त्यांची प्रमुख कार्ये होत. पिकाने जमिनीतून नेलेली द्रव्ये जमिनीला परत कशी व कोठून द्यावयाची, हा प्रश्न त्यांनी रसायनशास्त्राच्या भाषेत प्रथम ठामपणे मांडला. पेण व रोहे हे तालुके ज्यात मोडत त्या जुन्या कुलाबा जिल्ह्यात (१९८१ पासून रायगड) आणि शेजारच्या ठाणे जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भातशेतीतील राबाविषयी जो वाद झाला, तो याच प्रश्नाशी निगडित होता. त्यामुळे लीबिख यांच्या चरित्राबरोबर प्रस्तुत नोंदीत त्या वादाचाही परामर्श घेतला आहे.

लीबिख यांचा जन्म डार्मस्टाट येथे झाला. त्यांच्या वडिलांचा रंग, वार्निश व रसायने विकण्याचा व्यवसाय होता व त्यातील काही पदार्थ ते स्वतः तयार करीत. मुलाने लहानपणीच त्यांच्या कामात लुडबूड सुरू केली आणि दरबारी ग्रंथालयातील रसायनशास्त्राची पुस्तके हाती लागतील तशी वाचून काढली. शाळेत मात्र त्यांची प्रगती बेताचीच होती. पुढे हेपेनहाइम येथील एका औषधविक्रेत्याकडे त्यांना उमेदवारीसाठी ठेवण्यात आले. स्फोटक द्रव्यांचे प्रयोग करताना माळ्यावर स्फोट झाल्याने ही उमेदवारी संपली, अशी आख्यायिका आहे. वडिलांना तिची फी परवडेनाशी झाली हेही एक कारण दिले जाते. १८२० मध्ये ते बॉन विद्यापीठात कास्टनर या प्राध्यापकांकडे शिकू लागले व त्यांच्याबरोबरच एर्लांगेन येथे गेले. विद्यार्थ्यांच्या राजकीय चळवळीत भाग घेतल्यामुळे त्यांना १८२२ मध्ये एर्लांगेन सोडावे लागले. तथापि हेसेच्या ग्रँड ड्यूकने दिलेल्या साहाय्यामुळे त्याच वर्षी त्यांना पॅरिसला जाता आले. गे-ल्युसॅक यांच्या प्रयोगशाळेत त्यांना मोजमापाची जी शिस्त लागली, ती जर्मन विद्यापीठांत तेव्हा क्वचितच आढळे. पॅरिसमध्ये त्यांचे काम आलेक्सांडर फोन हंबोल्ट यांच्या नजरेस आले आणि त्यांच्या शिफारशीवरून १८२४ मध्ये, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, लीबिख गीसेन विद्यापीठात प्राध्यापक झाले.

गीसेन येथील प्रयोगशाळा : गीसेन हे लहानसे गाव होते आणि लीबिख यांना मिळालेली जागा म्हणजे सैनिकांच्या जुन्या छावणीतील पहारेकऱ्यांची इमारत. तेथे त्यांनी २८ वर्षे काम केले. त्या काळी प्राध्यापकाने व्याख्यानात प्रयोग करून दाखवावा व विद्यार्थ्यांनी पहावा, अशी रीत होती. लीबिख यांच्याकडे विद्यार्थी प्रथम ज्ञात पदार्थांचे विश्लेषण शिके, मग अज्ञात पदार्थांचे आणि हात बसल्यावर त्याला स्वतंत्र प्रश्न दिला जाई. आज कोणत्याही महाविद्यालयातील रसायनशास्त्राचा विद्यार्थी ज्या क्रमाने प्रयोगवही भरतो, तो क्रम बव्हंशी गीसेनचा आहे. ऑउगुस्ट व्हिल्हेल्म फोन होफमान, केकूले, फ्रेझेनियस, व्हुर्ट्‌स, फ्रँकलंड, प्लेफेअर, गिल्बर्ट असे अनेक शास्त्रज्ञ या प्रयोगशाळेत घडले. होफमान यांनी पुढे लंडनमध्ये ज्या महाविद्यालयात अध्यापन केले, तेथील त्यांचे शिष्य पर्किन यांना १८५६ मध्ये पहिला यशस्वी कृत्रिम ॲनिलीन रंग सापडला. रोह्याजवळील धाटाव येथे जे रासायनिक कारखाने उभे राहिले, त्या उद्योगाची वंशावळ मागे शोधीत गेल्यास गीसेनच्या त्या पहारेकऱ्यांच्या इमारतीपर्यंत जाता येते.

लीबिख यांनी १८३१ मध्ये तयार केलेले पोटॅश उपकरण दिसावयास अगदी साधे आहे. त्रिकोणाकृती वाकविलेल्या काचनळीत पाच फुगे असून त्यांत दाहक पोटॅशचा विद्राव असतो. कार्बनी पदार्थ जाळल्यावर निर्माण होणारी वाफ आधी कॅल्शियम क्लोराइडाच्या नळीत शोषली जाते व कार्बन डाय-ऑक्साइड वायू या फुग्यांत. उपकरणाचे आधीचे व नंतरचे वजन पाहिले, की पदार्थातील कार्बनाचे प्रमाण कळते. पूर्वी असे एक विश्लेषण कुशल हातांनाही फार वेळ घेई व त्यातील वायूचे आकारमान मोजणे जिकिरीचे असे. या उपकरणामुळे शिकाऊ विद्यार्थीही ते भरवशाने करू लागला. लीबिख यांच्या प्रयोगशाळेतून विश्लेषणांचा जो ओघ सुरू झाला, त्याचे बरेचसे श्रेय या पाच फुग्यांना आहे. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या बोधचिन्हात हे उपकरण दाखविलेले आहे.

फ्रीड्रिख व्हलर यांच्याशी लीबिख यांची मैत्री एका मतभेदातून जुळली. लीबिख व गे-ल्युसॅक यांनी सिल्व्हर फल्मिनेट या स्फोटक संयुगाचे जे संघटन काढले, तेच व्हलर यांना सिल्व्हर सायनेट या निरुपद्रवी संयुगात आढळले. लीबिख यांना प्रथम व्हलर यांची चूक झाली असे वाटले. पुन्हा तपासल्यावर दोघेही बरोबर ठरले. तेच अणू तितक्याच संख्येने असून पदार्थ मात्र भिन्न, या घटनेस बर्झीलियस यांनी १८३० मध्ये समघटकता हे नाव दिले. १८३२ मध्ये लीबिख व व्हलर यांनी कडू बदामाच्या तेलावर संशोधन करून बेंझॉइल हा अणुगट अनेक विक्रियांत अखंड राहतो, असे दाखविले. कार्बनी रसायनशास्त्राला मूलकांच्या कल्पनेचा आधार यामुळे लाभला. क्लोरोफॉर्म (१८३१, याच सुमारास फ्रान्स व अमेरिका येथेही स्वतंत्रपणे) व क्लोरल (१८३२) ही संयुगेही त्यांनी तयार केली. ते संपादन करीत असलेल्या नियतकालिकाला त्यांच्या मृत्यूनंतर त्यांचेच नाव देण्यात आले. संपादक म्हणून त्यांची लेखणी तिखट होती व तिने त्यांना पुष्कळ शत्रू मिळवून दिले.

खनिज सिद्धांत : कार्बनी रसायनशास्त्राच्या कृषी व शरीरक्रियाविज्ञान यांतील उपयोगांसंबंधीचा लीबिख यांचा ग्रंथ १८४० मध्ये प्रसिद्ध झाला. वनस्पती आपले अन्न जमिनीतील ह्यूमसमधून, म्हणजे कुजलेल्या जैव पदार्थातून, घेतात असे मत त्या वेळी रूढ होते व थेर यांच्यासारख्या कृषितज्ञांचा त्यास पाठिंबा होता. लीबिख यांनी हिशेबानेच ते खोडून काढले. वनातील झाडे वर्षानुवर्षे लाकूड वाढवितात व त्याबरोबर तेथील ह्यूमसही वाढतो. मग झाडांतील कार्बन ह्यूमसमधून आला असे कसे म्हणावे? कार्बन हवेतून येतो आणि जमीन वनस्पतीला पोटॅश, चुना, फॉस्फरस, सिलिका इ. खनिजे पुरविते, असे त्यांनी प्रतिपादन केले. वनस्पती जाळून उरणारी राख म्हणजे पिकाने जमिनीतून काय उचलले याची पावती, असा या विचाराचा आशय सांगता येईल. या खनिजांपैकी जे सर्वांत कमी असेल ते पिकाच्या वाढीची मर्यादा ठरविते, हा न्यूनतम घटकाचा नियम लीबिख यांच्या नावाने ओळखला जातो. मात्र कार्ल श्प्रेंगेल यांनी तो १८२८ च्या सुमारासच मांडला होता. लीबिख यांनी त्याला प्रसिद्धी दिली. आखूड फळीच्या पिंपाचे लोकप्रिय चित्रही लीबिख यांचे नव्हे, ते नंतरचे आहे.

सिद्धांताची दिशा अचूक होती, परंतु तपशिलात लीबिख दोन ठिकाणी चुकले आणि दोन्ही चुका बोधप्रद आहेत. पहिली नायट्रोजनाविषयीची. ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत त्यांनी अमोनियाला बरेच महत्त्व दिले होते, पण १८४३ च्या आवृत्तीत पावसाबरोबर उतरणारा अमोनिया पिकाला पुरेसा आहे, असे त्यांनी ठरवून टाकले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेड येथे लॉझ व लीबिख यांचेच शिष्य गिल्बर्ट यांनी दीर्घकालीन प्रयोग सुरू केले. तेथील गव्हाच्या शेतात केवळ खनिजे दिलेल्या तुकड्यांपेक्षा नायट्रोजनयुक्त खतेही दिलेल्या तुकड्यांत उत्पन्न पुष्कळ अधिक आले. हा वाद वीस वर्षांहून अधिक काळ चालला व त्यात लीबिख यांनी आपल्या शिष्याविषयी काढलेले उद्‌गार त्यांच्या योग्यतेला शोभणारे नव्हते. दुसरी चूक व्यवहारातील. १८४५ च्या सुमारास लिव्हरपूलच्या मस्प्रट यांच्यामार्फत लीबिख यांचे पेटंट खत बाजारात आले. पावसाने पोटॅश धुपून जाऊ नये म्हणून त्यांनी ते इतर द्रव्यांबरोबर वितळवून जवळजवळ अविद्राव्य केले होते. परिणामी ते पिकालाही मिळेना व खत साफ अपयशी ठरले. माती स्वतःच पोटॅश व अमोनिया धरून ठेवते, हे वे यांच्या १८५० च्या सुमाराच्या संशोधनातून दिसून आले. मातीच्या या गुणावर आपण विश्वास ठेवला नाही, याची कबुली लीबिख यांनी पुढे छापून दिली. [⟶ खते].

१८५२ मध्ये लीबिख म्यूनिक येथे गेले व अखेरपर्यंत तेथेच राहिले. १८४५ मध्ये त्यांना सरदारकी मिळाली होती. १८५९ मध्ये ते बव्हेरियाच्या विज्ञान अकादमीचे अध्यक्ष झाले. मांसाचा अर्क काढण्याच्या त्यांच्या पद्धतीवर १८६५ मध्ये एक कंपनी निघाली व उरुग्वायमधून तो अर्क जगभर जाऊ लागला. त्याची पोषकता लीबिख समजत होते तेवढी नाही, असे पुढे आढळून आले. किण्वनाविषयीच्या पाश्चर यांच्याबरोबरील वादात जिवाणू व यीस्ट यांचे महत्त्व त्यांनी अखेरपर्यंत पुरते मान्य केले नाही.

उतारवयातील त्यांचा मुख्य विषय जमिनीची लूट हा होता. खेड्यातील धान्य शहरात जाते, शहरातील मैला नदीवाटे समुद्रात जातो आणि जमीन दरवर्षी निःसत्त्व होत राहते, हे त्यांनी कृषिरसायनाच्या १८६२ च्या आवृत्तीत कठोर शब्दांत मांडले. इंग्लंड हाडांच्या खतासाठी यूरोपातील रणांगणेसुद्धा उकरून नेते, असा आरोप त्यांनी केला होता. याउलट मैला शेताला परत देणाऱ्या चीन व जपान यांच्या शेतीची त्यांनी प्रशंसा केली. अशा लुटारू शेतीला त्यांनी वापरलेल्या जर्मन संज्ञेतील पहिले पद ‘राउब’ असे आहे. मराठी ‘राब’ या शब्दाशी त्याचे साम्य केवळ योगायोगाचे असले, तरी एकोणिसाव्या शतकातील पुष्कळ अधिकाऱ्यांना राब ही वनांची लूटच वाटत होती.

राबाचा प्रश्न : कोकणातील भाताची रोपे ज्या तुकड्यात तयार करतात, त्यास राब म्हणतात, तो भाजण्याच्या क्रियेसही तेच नाव आहे. लागवडीच्या क्षेत्राच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढी जागा यासाठी लागते. हिवाळ्यापासून वैशाखापर्यंत या तुकड्यावर शेण, झाडांचा कवळ म्हणजे तोडलेल्या डहाळ्या, पालापाचोळा व गवत यांचे थर देऊन वर बारीक माती पसरतात आणि आग भरकन निघून न जाता धुमसत रहावी, अशा बेताने वाऱ्याच्या उलट दिशेने पेटवितात. मृगाच्या पावसाच्या सुमारास राखेवर बी फेकले जाते व तीन-चार आठवड्यांनी आवण उपटून खाचरात लावणी होते. कवळासाठी ऐन, किंजळ यांसारखी झाडे व गवतासाठी वरकस म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन लागे. त्यामुळे एका खाचराच्या मागे डोंगराचा एक तुकडा असे, आणि तो नसेल तर खाचराची किंमतही तितकी नसे.

पेण व रोहे तालुक्यांत या पद्धतीची मर्यादाही डोळ्यांना दिसते. रोह्याकडे कुंडलिकेच्या खोऱ्यात व पेणच्या पूर्वेकडील डोंगरपायथ्याशी राब हा भातशेतीचा पाया होता. परंतु पेणच्या पश्चिमेस, धरमतरच्या खाडीकडे, शिलोत्री बांध घालून समुद्रापासून मिळविलेल्या खारेपाटात राब भाजण्याची चाल नव्हती. तेथे मोड आणलेले बी सरळ चिखलात फेकीत. भरतीच्या व पुराच्या गाळाने ही जमीन आपोआप नवी होत असे, शिवाय तोडण्यास झाडेही नव्हती. एकाच तालुक्यात काही कोसांच्या अंतरावर एक शेतकरी डोंगराचे सत्त्व खांद्यावरून आणीत होता व दुसऱ्याचे पाण्याबरोबर येत होते. लीबिख यांच्या जमाखर्चाचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. मात्र बांध फुटून खारे पाणी आत आले, की तेच खारेपाट काही वर्षे नापीक होते.

१८७८ च्या वन कायद्यानंतर डोंगरावरील कवळ तोडण्यावर निर्बंध आले व ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून तक्रारी सुरू झाल्या. वनाधिकाऱ्यांच्या दृष्टीने राबासाठी झाडे छाटणे ही नासाडी होती. महात्मा जोतीराव फुले यांनी शेतकऱ्याचा असूड (१८८३) या ग्रंथात नेमकी उलट बाजू मांडली : डोंगरावरील पालापाचोळा व जनावरांचे मलमूत्र पावसाबरोबर वाहून शेतांत येत असे आणि वनखात्याने हा पुरवठा तोडला. फुल्यांचे विवेचन देशावरील कोरडवाहू शेतीचे असले, तरी डोंगराकडून शेताकडे येणाऱ्या पोषणाचा हिशेब तोच आहे. शासनाने नेमलेल्या मुंबई वन आयोगाने (१८८५–८७) ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील गाऱ्हाणी ऐकली. त्याच सुमारास मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याचे संचालक ओझॅन यांनी लोणावळे येथे राबाचे तुलनात्मक प्रयोग करविले. प्रश्न असा होता, की तेच शेण व तोच पाला न जाळता खत म्हणून दिला तर काय होईल?

रॉथॅमस्टेडच्या मताप्रमाणे उत्तर सरळ होते. जाळल्याने नायट्रोजन हवेत जातो, म्हणून राब हा शुद्ध अपव्यय ठरतो. लीबिख यांच्या खनिज सिद्धांताप्रमाणे राखेत पिकाला लागणारे सर्व काही शिल्लक राहते, म्हणून नुकसान नाही. शेतकरी या दोन्ही मतांपैकी कशाचीच वाट न पाहता राब भाजीत होता, कारण न भाजलेल्या जागेतील रोप खुरटे येते व तण त्याला गाठते, हे त्याला माहीत होते.

१८८९ ते १८९१ या काळात जॉन ऑगस्टस व्होल्कर हे कृषिरसायनतज्ञ हिंदुस्थान सरकारच्या निमंत्रणावरून देशभर फिरले. त्यांचे वडील ऑगस्टस व्होल्कर मूळचे फ्रँकफुर्टचे असून त्यांनी गटिंगेन येथे लीबिख यांचे मित्र व्हलर यांच्याकडे शिक्षण घेतले होते. म्हणजे जर्मन रसायनशास्त्राची ही परंपरा दुसऱ्या पिढीत कोकणच्या खाचरापर्यंत पोहोचली. व्होल्कर यांचा अहवाल १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. हिंदी शेतकरी सामान्य इंग्रज शेतकऱ्याच्या तोडीचा, काही बाबतींत सरसच आहे, असे त्यांचे मत होते. राबाच्या बाबतीतही त्यांनी प्रयोगांचे निष्कर्ष पाहून या रीतीमागे अनुभवाचा आधार आहे हे मान्य केले आणि शेण जळणात जाऊ नये म्हणून जळण व चारा यांसाठी स्वतंत्र राखीव वने वाढवावीत, असा आग्रह धरला. दूरच्या कार्यालयातून राबावर बंदी सुचविणाऱ्यांपेक्षा, प्रस्तुत लेखकाच्या मते, त्यांची दृष्टी लीबिख यांच्या विचाराशी अधिक प्रामाणिक होती.

राबाच्या कार्याचे खरे रासायनिक संशोधन पुण्यात झाले. पुणे कृषि महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी न. वि. जोशी व ना. वि. कानिटकर यांच्यासह केलेला राबाचा अभ्यास १९१२ मध्ये प्रसिद्ध झाला. राखेतील खनिजांचा उपयोग होतो, पण राबाचा सर्व गुण त्यांत नाही, असे त्यातून दिसले. जमीन तापणे हाच या क्रियेचा मोठा भाग आहे : तापल्याने मातीतील काही द्रव्ये, विशेषतः जैव पदार्थ, विद्राव्य होतात, सूक्ष्मजीवसृष्टी बदलते, मातीचा पोत मोकळा होतो आणि तणाचे बी मरते. थोडक्यात, पेणच्या शेतकऱ्याने राखेसाठी नव्हे तर आगीसाठी एवढा खटाटोप केला होता. लीबिख यांच्या राखेच्या हिशेबात ही बाब कोठेच नव्हती. त्यांना पाश्चर पटले असते, तर कदाचित ती सुचली असती.

वनांचा प्रश्न मात्र रसायनाने सुटणारा नव्हता. कुलाबा जिल्ह्यातील चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला. स्वातंत्र्योत्तर काळात कवळ मिळेनासा होत गेला, रासायनिक खते सुलभ झाली व गादीवाफ्यावर रोपे तयार करण्याचा प्रसार कृषि विद्यापीठाने केला. राबाऐवजी भाताच्या तुसाची राख वाफ्यात मिसळण्याची शिफारसही झाली. सिलिकायुक्त असल्याने ती लीबिख यांना पसंत पडली असती. व्हलर यांनी १८२८ मध्ये प्रयोगशाळेत तयार केलेला यूरिया १९८५ पासून अलिबाग तालुक्यातील थळ येथे नैसर्गिक वायूपासून तयार होऊ लागला. वर्षाला सुमारे ३,००० मिमी. पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात तो खाचराच्या पाण्याबरोबर वाहून जाऊ नये म्हणून यूरिया व डायअमोनियम फॉस्फेट यांच्या दाबून केलेल्या गोळ्या चार चुडांच्या मध्ये चिखलात खोचण्याची पद्धत कोकणात रूढ झाली आहे. पावसाने खत धुपून जाण्याची जी धास्ती लीबिख यांनी पेटंट खत तयार करताना घेतली होती, ती येथे खरी ठरते. फक्त तिच्यावरील उपाय अविद्राव्य द्रव्य हा नसून जागा हा आहे.